तांडेलबाई आणि आठ वाजता उघडणारं फाटक

आमच्या तांडेलबाईंसमोर ‘लोकांचं म्हणणं आहे की’ असं वाक्य सुरू करायची सोय नव्हती. समोरचा ‘लोकांचं’पर्यंत पोहोचला की बाई चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि विचारायच्या, “कुठले लोक? दोन नावं सांग.” नावं सांगता आली नाहीत की म्हणायच्या, “मग हे तुझं म्हणणं आहे. तुझं म्हणून सांग. लाजतोस कशाला?”

या प्रश्नात मी पहिल्यांदा सापडलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि शेवटचा सापडलो तेव्हा बावन्न. मधल्या काळात मी पदवी मिळवली, नोकरी धरली, लग्न केलं, बीपीची गोळी सुरू केली आणि बाळकुमच्या एका टॉवरमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी झालो. म्हणजे प्रगती झाली नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त दोन नावं सांगायला मात्र जमलं नाही ते नाहीच.

बाई जाऊन आता वर्ष होईल. ज्या फाटकाच्या वेळेसाठी त्या शेवटपर्यंत भांडल्या ते अजूनही सकाळी आठलाच उघडतं. म्हणून हे लिहायला बसलोय. श्रद्धांजली वगैरे लिहायची तर माझ्याहून चांगले विद्यार्थी त्यांना होते. माझ्याकडे आहे तो राग, आणि त्यातला बराचसा घरचाच, म्हणजे माझ्यावरचाच आहे.

बाई ठाण्याच्या एका कॉलेजात राजकीय तत्त्वज्ञान शिकवायच्या. मी तो विषय घेतला कारण सायन्सनं मला दारात उभं केलं नाही आणि कॉमर्सनं वेटिंगवर ठेवलं. बाई मूळच्या बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. वडलांची होडी होती, नंतर ती भावाकडे आली. आई पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची. बाईंनी लग्न केलं नाही. वर्तकनगरच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. सुती साडी घोट्याच्या चार बोटं वर, मनगटात वडलांचं पुरुषी घड्याळ आणि आवाज असा की माइक पुढे केला तर हातानं बाजूला सारायच्या. “आम्ही खाडीच्या या काठावरून त्या काठाशी बोलतो,” म्हणायच्या. “हे मशीन दमलेल्यांना द्या.”

रागावल्या की मात्र आवाज खाली यायचा आणि आदर वर चढायचा. बाई ‘तू’ म्हणाल्या तर समजावं सगळं ठीक आहे. ‘तुम्ही’ म्हणाल्या तर आपलं काहीतरी चुकलंय. आणि ‘आपण’ म्हणाल्या की प्राचार्यसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे.

न्यायाचे सिद्धांत शिकवायला त्या वर्गात भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या होत्या, ते मला आजही लख्ख आठवतं. पुस्तकात कुणा परदेशी विचारवंताची एक कल्पना होती. समाजाचे नियम ठरवायला बसायचं, पण आपण त्या समाजात कोण असणार आहोत, श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, हे आपल्याला ठाऊक नाही असं समजून ठरवायचे. आम्ही सगळे ते वहीत उतरवत होतो, म्हणजे झोपत होतो. बाईंनी शेंगांची पिशवी टेबलावर ओतली.

“परब, ऊठ. याचे पाच वाटे कर.”

मी केले. चार जेमतेम सारखे आणि पाचवा, माझ्या बाजूचा, जरा अंगानं भरलेला. बाईंनी आणखी चार जणांना बोलावलं आणि मला म्हणाल्या, “आता हे चौघं आधी उचलतील. तू शेवटी.”

भरलेला वाटा पहिल्या मुलीनंच नेला. वर्ग हसला. बाईंनी सगळ्या शेंगा परत एकत्र केल्या. “आता पुन्हा कर.”

या वेळी मी शेंगा मोजल्या. एक दाण्याच्या, दोन दाण्यांच्या वेगळ्या केल्या. एक फुटकी निघाली तर तिचे दोन तुकडे करून दोन वाट्यांत टाकले. घामाघूम झालो.

“माणूस तोच, शेंगा त्याच,” बाई वर्गाला म्हणाल्या. “हा एवढ्यात सज्जन झाला का? नाही झाला. त्याला फक्त कळलं, की आपल्या वाट्याला कुठला ढीग येईल ते आपल्या हातात नाही. आमच्याकडे होडी लागली की मासळीचे वाटे पडतात. वाटे करणारा शेवटी उचलतो. आणि घरचा माणूस आजारी म्हणून जे घर पाण्यावर जाऊ शकलं नाही, त्याचाही एक वाटा त्यात धरतात. माझ्या वडलांना सही करता येत नव्हती. तुमच्या पुस्तकानं हे सांगायला चारशे पानं घेतली.”

नंतर शेंगा वर्गात वाटल्या. माझ्या वाट्याला त्याच फुटकीचा तुकडा आला.

बाई निवृत्त झाल्या, पण त्यांचा वर्ग काही सुटला नाही. सरकारी धोरण, पालिकेचा आराखडा, नवा नियम, जे काही निघेल ते मिळवायच्या, लाल शाईनं खुणा करून वाचायच्या आणि जिथे सुनावणी असेल तिथे जाऊन उभ्या राहायच्या. माझी सासुरवाडी डोंबिवलीची. एकदा तिकडे गेलेलो, तर सासऱ्यांनी मला पाणीकपातीच्या सभेला धरून नेलं. बघतो तर दुसऱ्या रांगेत बाई.

व्यासपीठावरचा अधिकारी प्रसन्न चेहऱ्यानं सांगत होता, की आठवड्यातून एक दिवस पाणी बंद राहील आणि ते सगळ्यांना सारखं बंद राहील. ना कुणावर मेहेरबानी, ना कुणावर अन्याय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

बाई उठल्या. “आपल्या इमारतीला टाकी आहे?”

“आहे ना. खाली एक, वर एक.”

“म्हणजे बंदच्या दिवशी आपल्याला नळाला पाणी येतं.”

“येतं, पण जपून वापरावं लागतं, मॅडम.”

“बरं. आपल्याला मघाशी ज्यांनी चहा आणून दिला, ते कुठे राहतात?”

शिपाई मागे ट्रे घेऊन उभा होता. त्याला पुढे यायला सांगितलं तर तो साहेबाकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, चाळीत राहतो, दोन ड्रम आहेत, बंदच्या दिवशी बायको कामावर जात नाही, शेजारच्या गल्लीतल्या बोअरिंगवर रांगेत उभी राहते.

“म्हणजे आपला एक दिवस टाकीनं भरून निघतो आणि यांचा एक दिवस यांच्या बायकोच्या कामावरून कापला जातो,” बाई म्हणाल्या. “आपण याला सारखं म्हणता. सारखं दिसण्यासाठी आपण फक्त नळ बघितला, नळाच्या मागचं घर नाही. कपात करायची तर आधी टाकीवाल्यांची करावी. आम्ही टाकीवाले तक्रार करणार नाही, कारण आम्हाला कपात कळणारसुद्धा नाही.”

अधिकारी म्हणाला, “सूचना चांगली आहे, नोंद घेतो.” बाई म्हणाल्या, “नोंद आपण मागच्या वेळीही घेतली होती.” येताना सासरे मला म्हणाले, “बाई जरा तिखट आहेत.” मी म्हणालो, “माझ्या बाई आहेत,” आणि रस्ताभर छाती काढून चाललो. वर टाकी असलेल्या इमारतीत परत आलो, गरम पाण्यानं आंघोळ केली.

आता माझ्यावर येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमच्या टॉवरच्या मागे खाडी आहे आणि खाडीला लागून कोळीवाड्याचा दगडी उतार. होड्या त्यावर ओढून घेतात, बायका बाजूच्या मोकळ्या जागेत जवळा वाळवतात. पालिकेनं खाडीकिनाऱ्यावर चालण्याचा ट्रॅक, बाकं, दिवे असा आराखडा काढला आणि हरकती-सूचना मागवल्या. आमच्या सोसायटीत आनंदाची लाट आली. चेअरमन कर्णिक म्हणाले, “परब, तुमचं मराठी चांगलं आहे, पाठिंब्याचं पत्र तुम्ही लिहा.”

माझं मराठी चांगलं आहे म्हटलं की मी काहीही लिहून देतो. चार मुद्दे काढले. पहिल्यात मी ‘समस्त स्थानिक रहिवाशांची एकमुखी मागणी’ असं लिहिलं. दुसऱ्यात आणि चौथ्यात पर्यावरण आणि ज्येष्ठ नागरिक होते. तिसरा मुद्दा कर्णिकांनी सुचवला आणि मी नटवला, तो असा: ‘मासळी वाळवण्याने होणारी दुर्गंधी व सुरक्षेचा प्रश्न लक्षात घेता किनाऱ्यावरील प्रवेश नियंत्रित करण्यात यावा.’ बायकोला वाचून दाखवलं. वैशाली म्हणाली, “समस्त स्थानिक म्हणजे कोण? आपण इथे येऊन आठ वर्षं झाली. ते कधीपासून आहेत?” मी म्हणालो, अर्जाची भाषा अशीच असते. चारही विंगच्या सह्या घेतल्या, शिक्का मारला.

सुनावणीला गेलो तर हॉलच्या एका बाजूला आम्ही, इस्त्रीच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला कोळीवाड्यातल्या दहाबारा बायका आणि त्यांच्यामध्ये बाई. शहात्तर वर्षांच्या, तेच घड्याळ. मला बघून त्यांना आनंद झाला. “परब, तू इथे? छान. बस.” त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूनं आलोय.

अधिकाऱ्यानं आमचं पत्र मोठ्यानं वाचलं. खाली ‘सेक्रेटरी’ म्हणून माझं नाव आलं, तेव्हा बाईंनी चष्मा खाली ओढला.

बाईंच्या भावजयीला, कमळावहिनींना, दोन मिनिटं मिळाली. त्या म्हणाल्या, उतार बंद केला तर होडी कुठे लावायची, जवळा कुठे वाळवायचा. अधिकारी समजुतीनं म्हणाला, “मावशी, हा ट्रॅक सर्वांसाठी आहे. तुम्हीपण या चालायला, तब्येतीला बरं असतं.”

“आमी पाटी घेऊन दिसभर चालतंव, साहेब,” कमळावहिनी म्हणाल्या. “आमाला चालायची हौस नाय.”

मग बाई उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्याकडे न वळता माझ्याकडे वळल्या.

“परबसाहेब, आपण एकमुखी लिहिलंत. सह्या घ्यायला आपण कोळीवाड्यात गेला होता?”

‘आपण’ ऐकलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. “नाही, बाई.”

“का?”

“ते सोसायटीत येत नाहीत.”

आमच्याच बाजूचे दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. “उतार मोकळा ठेवला आणि ट्रॅक त्याच्या मागून वळवून नेला, तर आपलं काय जाईल?”

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. “काही नाही. पन्नास पावलं जास्त पडतील.”

“मग एवढं एक वाक्य लिहून द्या. आत्ता. आपला कागद मागे घेऊ नका, फक्त हे वाक्य जोडा.”

पेन माझ्या खिशाला होतं. शेजारी कर्णिक घसा खाकरत होते. मी म्हणालो, “कमिटीला विचारून सांगतो.”

“अवश्य विचारावं,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

गेली तेहतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की तांडेलबाईंनी मला न्याय शिकवला. एक वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा मला आधी परवानगी हवी होती.

कमिटीनं नाही म्हटलं. कर्णिक म्हणाले, “परब, सही केलेल्या पत्रात मागाहून वाक्यं जोडली तर वजन जातं. आणि तुमच्या बाईंना सांगा, काळजी करू नका, रेलिंगला फाटक ठेवणार आहेत.” ठेवलं. आराखडा मंजूर झाला, उतार आणि जमीन यांच्यामध्ये टोकदार गजांचं उंच रेलिंग आलं, त्यात फाटक आलं आणि फाटकावर पाटी लागली: प्रवेश सकाळी ८ ते सायंकाळी ६, सर्व नागरिकांसाठी समान.

मला मनापासून वाटलं, मधला मार्ग निघाला. ही बातमी द्यायला मी वर्तकनगरला गेलो, पेढेसुद्धा नेले. बाईंनी पेढ्यांचा पुडा हातात घेतला नाही. मला भिंतीपाशी नेलं. तिथे कॅलेंडर होतं आणि प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं भरतीची वेळ.

“वाच.”

मी वाचलं. आज सकाळी सव्वासात. उद्या आठ. परवा नऊला दहा कमी.

“भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. होडी भरतीच्या पाण्यावर उताराला लागते. मग पंधरवड्यातले किती दिवस तुमचं फाटक बंद असताना पाणी येईल, मोज.”

मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

“मला वाटलं होतं…”

“तुला वाटलं,” बाई म्हणाल्या. त्या ‘तू’वर परत आल्या होत्या, पण मला बरं वाटलं नाही. “दुष्ट माणूस बरा रे, त्याच्याशी भांडता तरी येतं. तुम्ही सगळे सज्जन. वेळ ठरवताना एका बाईला नुसतं विचारायचं होतं, पाणी कधी येतं. ते तुम्हाला सुचत नाही, कारण तुमचं पाणी नळाला येतं.”

मग पेढे घेतले. शेजारच्यांना वाटून टाकले, स्वतः खाल्ला नाही.

त्यानंतर बाईंनी अर्जांचा सपाटा लावला. भरती किती वाजता, फाटक किती वाजता, त्या दिवशी होडी किती वेळ थांबली, असा तक्ता. उत्तर एकच यायचं: वेळ सर्वांना समान असून स्थानिक सोसायटीच्या सुरक्षाविषयक मागणीनुसार निश्चित केलेली आहे. माझा मुद्दा क्रमांक तीन त्यांना दर वेळी घरपोच मिळत होता.

आणि मग ती सकाळ.

सहाच्या सुमारास मी ट्रॅकवर गेलो. हो, मी त्या ट्रॅकवर चालतो, डॉक्टरांनी सांगितलंय. रेलिंगपाशी कमळावहिनी आणि चारपाच बायका रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. पलीकडे उताराला होडी लागलेली, भरलेली. होडीत बाईंचा भाऊ आणि त्याच्या बाजूला, साडी खोचून, बाई.

“बाई, तुम्ही?”

“काल फाटक बंद व्हायच्या आत बसले होडीत. पालिकेतले साहेब म्हणतात, मॅडम, तुमचा तक्ता ऐकीव आहे. म्हटलं, बघून लिहू.”

“पाच वाजल्यापासून दोघं हितंच हायेत,” कमळावहिनी मला म्हणाल्या. “बाजार आठला सुटतो. मागं पाटी वरून घेतली तं गजात फाटली, निम्मी मासली चिखलात गेली. पानी काय घड्याल बगून येतं?”

मी चौकीदाराला फोन लावला. किल्ली त्याच्याकडेच आणि तो आठलाच येणार. मी म्हणालो, “बाई, मी वरून स्टूल आणतो. भाऊ तिकडून आधार देतील, मी इकडून हात देतो. या अलीकडे.”

“मी चोर आहे का?”

“नाही, बाई.”

“मग फाटकातूनच येईन.”

त्या बसून राहिल्या. चालणारे येत-जात होते. एकानं कमळावहिनींना ट्रॅक मोकळा ठेवा म्हणून सांगितलं. कर्णिक कानात इअरफोन घालून गेले, जाता जाता बाईंना ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाले. मी वैशालीला फोन केला, ती थर्मास घेऊन आली आणि गजांतून कागदी कप पलीकडे द्यायला लागली. बाईंनी चहा घेतला, तिची चौकशी केली, मुलीचं कॉलेज विचारलं. वैशाली मागे वळून मला हळूच म्हणाली, “तुमच्या अर्जात चहाची सोय राहिली वाटतं.”

पाणी उतरत होतं, तशी होडी उताराच्या खाली सरकत गेली. सातच्या सुमारास होडी हलायची थांबली. साडेसातला तिच्याभोवती काळा चिखल उघडा पडला. आठला दोन मिनिटं कमी असताना चौकीदार आला, त्यानं फाटकावरची पाटी वाचली, मोबाइल बघितला, आणि बरोबर आठला कुलूप काढलं.

फाटक सताड उघडं होतं आणि पाणी पंधरा-वीस पावलं मागे गेलेलं. बाई होडीतून उतरल्या. गुडघ्यापर्यंत चिखलात गेल्या. भावानं हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. एक पाय उपसायचा, टाकायचा, मग दुसरा. एवढंसं अंतर, पण मला ते बघवेना आणि नजरही काढता येईना. मागून भाऊ मासळीच्या पाट्या आणत होता. बाजार तोवर सुटला होता.

फाटकात आल्यावर चौकीदार ओशाळून म्हणाला, “सॉरी मॅडम.”

“तुम्ही वेळेवर आलात,” बाई म्हणाल्या. “वेळ चुकीची आहे.”

कमळावहिनींनी बादली पुढे केली. “पाय धुवा, बाय.”

“नको. साहेबांना दाखवायचेत.”

मी म्हणालो, “बाई, मी येतो तुमच्याबरोबर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वर्गात एखाद्याचा पेपर परत देताना बघायच्या तसं. “तिथे मी बोलू शकते. तू तुझ्या कमिटीत जा. तिसरा मुद्दा तुझा आहे.”

मी गेलो. त्याच दिवशी मुद्दा मागे घेण्याचा अर्ज कमिटीला दिला, तो दर महिन्याला सभेपुढे येतो आणि पुढच्या सभेवर जातो. बाई दोन महिन्यांनी छातीच्या दुखण्यानं गेल्या. मधे दोनदा फोनवर बोललो, प्रत्यक्ष भेट मात्र त्या सकाळनंतर झाली नाही.

त्या सकाळी बाई लाल ट्रॅक ओलांडून मोठ्या रस्त्याला लागल्या. पहिली रिक्षा चिखल बघून थांबली नाही, दुसरी हळू झाली आणि निघून गेली. तिसरीवाला थांबला. त्यानं बाईंच्या पायांकडे बघितलं, पुढच्या सीटवरचं फडकं काढलं आणि मागे पायाशी अंथरलं. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. आत आडव्या बसल्या, साडी आवरून धरली आणि दोन्ही पाय रिक्षाच्या बाहेर उचलून धरले, चिखल कुठेही पुसला जाऊ नये म्हणून. सिग्नलपर्यंत रिक्षा मला दिसत होती. पाय तसेच वर होते.